ओसरीवरील गोष्टी : दोघांत मोठा कोण?

गेल्या पोळ्यास आम्ही सिंदीस गेलों होतों. नागपूर–वर्धा लोहमार्गावरील हें गांव आपल्या नांवापुढें कंसांत ‘रेल्वे’ हा शब्द घेऊन मिरवितें. वर्ध्यास लागून सिंदी (मेघे) म्हणून दुसरें गांव आहे. त्याच्याशीं घोटाळा होऊं नये म्हणून आगगाडीची ही ओळख याच्या कपाळीं कायमची बसली. आमच्या मावसबंधूंचें वडिलोपार्जित घर येथें आहे. दोघे भाऊ, त्यांचीं मुलें, सुना, नातवंडें आणि सर्वांवर छत्र धरून असलेली, नव्वदी ओलांडलेली आमची मावशी, असा पंधरा पानांचा संसार आजच्या दिवसांतही एका स्वयंपाकघरांत नांदतो, हें पाहून आम्हांस दर वेळीं समाधान वाटतें.

थोरले, ज्यांस घरांत दादा म्हणतात, त्यांची सारी हयात कोल्हापुरास शिक्षकाच्या नोकरींत गेली. धाकटे अण्णा यांची सांगलीस एका बँकेंत. निवृत्तीनंतर दोघेही गांवीं परतले. परंतु येतांना एकानें कोल्हापूर आणि दुसऱ्यानें सांगली बरोबर आणली. कोल्हापूरचा गूळ कीं सांगलीची हळद, रंकाळा कीं कृष्णाकांठ, असे वाद या ओसरीवर नित्याचेच. वऱ्हाड-नागपुराकडील माणसांनीं कृष्णा-पंचगंगेसाठीं भांडावें याची मौज वाटते खरी; पण ज्या पाण्यावर माणसानें चाळीस वर्षें काढलीं, त्या पाण्याचा अभिमान त्याला न वाटेल तरच नवल!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, विदर्भांत तान्हा पोळा असतो. आदला दिवस खऱ्या बैलांचा. हा दिवस लाकडी नंदीबैलांचा आणि ते ओढीत नेणाऱ्या बालगोपाळांचा. मुलें नंदी सजवितात, घरोघर हिंडवितात आणि बोजारा गोळा करतात. सिंदीचा तान्हा पोळा तर नांवाजलेला; तो पाहावयास बाहेरगांवाहून माणसें येतात. अर्थात् घरांत सकाळपासून धांदल होती. थोरल्या नातवानें आपला नंदी रंगवून, झूल घालून, शिंगांना बेगड लावून सज्ज ठेवला होता. धाकट्या नातवाच्या नंदीचें मात्र एक चाक निखळलेलें, रंग अर्धामुर्धा. हें पाहून दादा सहज बोलून गेले, ‘‘तुझ्या वयाचा असतांना याच्या नंदीला बक्षीस मिळालें होतें. परीक्षेंत तसेंच, आणि यांतही तसेंच! तूं आपला मागचा तो मागचाच.’’ बोलणें गोड आवाजांत झालें, कोणीं फारसें मनावर घेतलें नाहीं. पोरानें मात्र नंदी जिन्याखालीं सारला आणि तो परसांत जाऊन बसला.

दुपारीं जेवणें आटोपून मंडळी ओसरीवर टेकली. पोळ्याच्या निमित्तानें जवळच्या एका गांवीं कुस्त्यांची आम दंगल होती, तिच्यावरून बोलणें निघालें. आणि पाहतां पाहतां तें या दोघां बंधूंच्या जुन्या रणांगणावर येऊन पोंचलें. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर मोठे, कीं हिंदकेसरी मारुती माने मोठे? हा वाद या घरांत निदान तीस वर्षें चालू आहे, असें सूनबाई हंसत म्हणाल्या. आणि पानाचा डबा पुढें सरकवून त्याही तेथेंच बसल्या.

ज्या वाचकांस या नांवांचा विशेष परिचय नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगितलें पाहिजे. ‘हिंदकेसरी’ ही मल्लविद्येंतील पदवी प्रथम १९५९ सालीं दिली गेली आणि तिचा पहिला मान श्रीपति खंचनाळे यांनीं मिळविला. पुढच्याच वर्षीं, १९६० सालीं, ती आंदळकरांकडे आली, आणि १९६४ सालीं मानेंकडे. दोघेही भारी वजनाचे मल्ल, दोघेही लाल मातींत घडलेले आणि जवळजवळ एकाच पिढीचे. परंतु या दोघांचा वाद इतका चिवट होण्याचें खरें कारण १९६२ सालच्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत आहे. तेथें आंदळकरांनीं ९७ किलोंवरील वजनगटांत ग्रीको-रोमन पद्धतीच्या कुस्तींत सुवर्णपदक आणि मुक्त पद्धतीच्या, म्हणजे फ्रीस्टाइल, कुस्तींत रौप्यपदक मिळविलें. मानेंनीं ९७ किलोंच्या गटांत मुक्त पद्धतींत सुवर्णपदक आणि ग्रीको-रोमनमध्यें रौप्यपदक मिळविलें. एकाला जेथें सोनें तेथें दुसऱ्याला चांदी, आणि दुसऱ्याला जेथें सोनें तेथें पहिल्याला चांदी! दैवानें जणूं ताजवा हातांत धरून दोन्ही पारडीं समतोल केलीं आणि पुढील पिढ्यांच्या दुपारच्या वामकुक्षीचा बळी घेतला.

दादांनीं प्रथम सरसावून आपला पक्ष मांडला. ‘‘आंदळकरांचा गट पाहा. ९७ किलोंवर म्हणजे वरतीं मर्यादाच नाहीं. समोर केवढा पर्वत येईल याचा नेम नसे. शिवाय ग्रीको-रोमन म्हणजे काय? कमरेखालीं हात लावावयाचा नाहीं, पायाचा उपयोग करावयाचा नाहीं. आपला मल्ल लहानपणापासून मोळी बांधतो, ढाक लावतो, पट काढतो; म्हणजे त्याची निम्मी विद्या पायांत. ती सारी विद्या बाजूस ठेवून, परक्यांच्या नियमांनीं, केवळ छातीच्या आणि भुजांच्या बळावर ज्यानें सुवर्णपदक आणलें, त्याला मोठा म्हणावयाचें नाहीं, तर कोणाला? आणि १९६४ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकांतही ते उतरले होते, हें विसरूं नकोस.’’

अण्णा शांतपणें सुपारी कातरीत होते. ‘‘दादा, परक्यांच्या पद्धतींत सोनें मिळविलें हें भूषण खरेंच, पण आपल्या पद्धतीला जी जवळची, त्या मुक्त कुस्तींत सोनें कोणाचें? मानेंचें. हात-पाय सारे मोकळे, कोणताही डाव वर्ज्य नाहीं, तेथें जो पहिला आला तो खरा पहिला. आणि आणखी एक गोष्ट. १९७० सालीं एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धांत मानेंनीं १०० किलोंवरील गटांत रौप्यपदक मिळविलें. जाकार्तानंतर आठ वर्षांनीं, आणि तेंही वरच्या वजनांत! मल्लाच्या आयुष्यांत आठ वर्षें म्हणजे काय, हें तुम्हांला सांगावयास नको.’’

‘‘टिकण्याचीच गोष्ट काढतोस,’’ दादा म्हणाले, ‘‘तर आंदळकर मोतीबाग तालमींत किती वर्षें वस्ताद म्हणून उभे राहिले? त्यांच्या हाताखालून गेलेल्या दादू चौगुल्यांनीं १९७४ सालीं क्राइस्टचर्चला रौप्यपदक आणलें. स्वतः जिंकणें एक आणि जिंकणारे तयार करणें दुसरें. कोल्हापूरच्या तालमींची ही परंपराच आहे. शाहू महाराजांनीं खासबाग मैदान काय उगीच बांधलें?’’

‘‘पण आंदळकरांचें गांव कोणतें?’’ अण्णांनीं विचारलें. ‘‘पुनवत. तालुका शिराळा. जिल्हा आज सांगली! माने कवठेपिरानचे, तेही सांगलीचेच. म्हणजे दोन्ही वाघ आमचेच. कोल्हापूरनें एकाला फक्त खुराक घातला.’’ यावर ओसरीवर असा हंशा पिकला कीं आंत झोंपलेलें तान्हें मूल जागें झालें.

मंडळी हंसून थोडी सैल झाल्यावर आम्हीही दोन शब्द बोललों. आम्ही म्हणालों कीं, हा रोग एकट्या सिंदीचा नाहीं. पाश्चात्त्य देशांत भारी वजनाच्या मुष्टियोद्ध्यांविषयीं असेच वाद घरोघर रंगतात. जो लुई यानें १९३७ पासून १९४९ पर्यंत जगज्जेतेपद आपल्याकडे राखलें आणि त्या अवधींत पंचवीस वेळां तें यशस्वी रीतीनें सांभाळलें. तर महंमद अली यानें तेंच पद १९६४, १९७४ आणि १९७८ असें तीन वेळां जिंकलें. यांत मोठा कोण? एकानें गड बारा वर्षें पडूं दिला नाहीं. दुसऱ्याचा गड हातचा गेला आणि त्यानें तो पुनः पुनः घेतला. सैन्यांत जाण्याचें नाकारल्यामुळें १९६७ सालीं अलीचें पद काढून घेण्यांत आलें आणि ऐन उमेदीचीं तीन-साडेतीन वर्षें त्याला आखाड्याबाहेर काढावीं लागलीं, तीं कोणत्या खात्यावर मांडावयाचीं? यशाच्या वहींत जमा कोणती आणि खर्च कोणता, येथूनच वादास आरंभ होतो.

‘‘दोघांना एकदां समोरासमोर झुंजविलें असतें म्हणजे निकाल लागला असता,’’ कोणीसें म्हणालें. पुष्कळांची अशीच समजूत असते. परंतु एका झुंजीनें निकाल लागतो हें तरी कोठें खरें आहे? याच जो लुईला जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगनें १९३६ सालीं बाराव्या फेरींत लोळविलें. आणि १९३८ सालीं त्याच श्मेलिंगला लुईनें पहिल्याच फेरींत, पुरतीं अडीच मिनिटेंही न लावतां, आडवें केलें. आपल्या गामा पैलवानाचें उदाहरण तर घरचेंच. १९१० सालीं लंडनमध्यें पोलंडचा झिबिस्को गामापुढें जवळजवळ तीन तास जमिनीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरींत सुटली. अठरा वर्षांनीं, १९२८ सालीं पतियाळ्यास, तोच झिबिस्को एका मिनिटाच्या आंत चीत झाला. मग यांपैकीं कोणती झुंज खरी? दोन्ही खऱ्या. माणूस म्हणजे कांहीं लोखंडाचें वजन नव्हे, कीं आज पांच शेर भरलें तें उद्यांही पांच शेरच भरावें.

यंत्राकडे हा न्याय सोंपवून पाहण्याचाही प्रयत्न एकदां झाला आहे. रॉकी मार्सियानो हा एकोणपन्नास झुंजींत एकदांही न हरतां १९५६ सालीं निवृत्त झालेला योद्धा. तो आणि अली यांच्यांत श्रेष्ठ कोण, हें संगणकाला विचारावें असें १९६९ सालीं अमेरिकेंत ठरलें. दोघांना आखाड्यांत उतरवून खोट्या खोट्या फेऱ्यांचें चित्रण केलें, निरनिराळे शेवट तयार ठेवले आणि संगणकाच्या उत्तराप्रमाणें ते जोडले. चित्रपट दाखविण्यापूर्वींच, त्या वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस, मार्सियानो विमान-अपघातांत दगावला. १९७० च्या जानेवारींत अमेरिकन प्रेक्षकांनीं पाहिलें तें असें कीं, तेराव्या फेरींत मार्सियानोनें अलीला पाडलें. म्हणून वाद मिटला काय? मुळींच नाहीं! यंत्राला आंकडे देणारीं तीं माणसेंच; कशाला किती गुण द्यावयाचे हें ठरविणारींही माणसेंच. आपण ज्या मापानें घालतों, त्याच मापानें यंत्र आपल्याला परत देतें.

हें ऐकून सूनबाईंनीं एक मार्मिक प्रश्न केला. त्या म्हणाल्या, ‘‘मोठा कोण, मोठा कोण म्हणून तुम्ही दोघे केव्हांचे भांडतां आहांत; पण मग खाशाबा जाधव कोठें बसवाल?’’ प्रश्न वर्मी लागला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकांत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकांत वैयक्तिक पदक मिळाल्याचा तो पहिलाच प्रसंग. त्यांचा गट मात्र ५७ किलोंचा. आंदळकर अथवा माने यांच्याशीं त्यांची जोड लावली असती तर बघ्यांनींच ती थांबविली असती. म्हणून का खाशाबा लहान?

दादा यावर उत्साहानें म्हणाले, ‘‘छे, छे! असें कसें? वजनगट कशाकरितां केले आहेत? ज्याची त्याची बरोबरी त्याच्या वजनांतच पाहावयाची. सत्तावन्न किलोंच्या माणसाला शंभर किलोंच्या पुढें उभा करणें हा न्याय नव्हे, पोरखेळ. फार काय, ९७ आणि ९७ च्या वर, एवढ्या फरकावरच तर आमचा वाद तीस वर्षें अडला आहे!’’

आमची मावशी एवढा वेळ खांबाला टेकून वाती वळीत होती. तिला ऐकूं कमी येतें असा घरांत समज आहे. वात खालीं न ठेवतांच ती म्हणाली, ‘‘मग अरे, सकाळीं त्या पोराला कोणत्या वजनांत उभा केलास?’’

ओसरीवर क्षणभर कोणी बोललें नाहीं. दादा मुलांना आयुष्यभर शिकविलेला माणूस; अर्थ समजावयास त्यांना वेळ लागला नाहीं. ते उठले, जिन्याखालून तो नंदी काढला, खिळा आणि हातोडी शोधली आणि परसाकडे गेले. तेथें आजा-नातवांचें काय बोलणें झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं. ऐकावयास जाण्याचें आम्हांस कारणही नव्हतें. चार वाजतां दोन्ही नंदी बाहेर पडले. धाकट्याच्या नंदीचा रंग अर्धाच होता, चाक किंचित् वांकडें चालत होतें. परंतु दोरी ओढणाऱ्याची मान ताठ होती. बक्षीस दोघांपैकीं कोणालाच मिळालें नाहीं. बोजारा मात्र दोघांनीं सारखा वांटून घेतला.

वाचकहो, त्या रात्रीं परतीच्या गाडींत आम्ही याच गोष्टीचा विचार करीत होतों. ‘दोघांत मोठा कोण?’ हा प्रश्न वाईट नाहीं. दोघेही आपापल्या परीनें थोर, असें म्हणून हात झटकणें सोपें असतें. पण त्यांत पुष्कळदां विचाराचा आळस असतो. तुलना केल्यावांचून गुण नीट दिसत नाहीं. दादा आणि अण्णा भांडले म्हणून तर आम्हांला ग्रीको-रोमन आणि मुक्त कुस्ती यांतील भेद कळला, आठ वर्षें टिकण्याची किंमत कळली, वस्तादाचा मोठेपणा कळला. प्रश्न वाईट होतो तो माप न सांगतां विचारला म्हणजे. धान्य पायलीनें मापावें, सोनें गुंजेनें तोलावें, कापड गजानें मोजावें. यांत अदलाबदल करणाऱ्या दुकानदाराकडे आपण दुसऱ्यांदा जात नाहीं. आणि घरांत मात्र?

एकत्र कुटुंबाचे गुण आम्ही या सदरांतून अनेक वेळां गाइले आहेत. त्याचा हा दोषही सांगितला पाहिजे. एका छपराखालीं चार मुलें वाढतात आणि चारही एकाच तागडींत घातलीं जातात. पुतण्या गणितांत हुशार, म्हणून चित्रें काढणारा मुलगा मठ्ठ. थोरल्या सुनेच्या हाताला पुरणपोळी साधते, म्हणून नोकरी सांभाळून संध्याकाळीं चूल गांठणारी धाकटी सून कामचुकार. एकाला दहा वर्षांचा असतां जमलें तें दुसऱ्याला बाराव्या वर्षीं जमेल, तिसऱ्याला कदाचित् मुळींच जमणार नाहीं. पण त्याला जें जमतें त्याचा गटच आपण स्पर्धेंत ठेविलेला नसतो. मल्लांच्या बाबतींत ९७ आणि ९७ च्या वर एवढा सूक्ष्म न्याय मागणारे आपण, पोटच्या पोरांच्या बाबतींत वजनकांटाच बाहेर काढीत नाहीं. आंदळकरांना कोणी कमी लेखलें तर त्यांना कांहीं जखम होणार नव्हती; त्यांचीं पदकें त्यांच्यापाशीं होतीं. दहा वर्षांच्या मुलापाशीं काय असतें? एक चाक निखळलेला लाकडी नंदी, आणि आजोबांचा शब्द.

आतां आमचें मत विचाराल, तर तें न सांगतां निसटणें योग्य होणार नाहीं. माप आधीं सांगतों. केवळ आखाड्यांतील कर्तृत्व पाहावयाचें, तर आम्ही किंचित् मानेंच्या बाजूला झुकतों. आपल्या मातीच्या कुस्तीला जवळच्या पद्धतींतील सुवर्णपदक, आणि आठ वर्षांनंतर वरच्या गटांतील रौप्यपदक, हें पारडें जड आहे. परंतु मनुष्य आपल्यामागें काय ठेवून जातो हें माप लावलें, तर आम्हांस आंदळकर मोठे वाटतात. स्वतःच्या अंगांतील विद्या दुसऱ्याच्या अंगांत उतरविण्याचें काम त्यांनीं तालमींत बसून वर्षानुवर्षें केलें, आणि दुसऱ्याच्या विजयांत आपला विजय पाहिला. आमच्या वयाला हें दुसरेंच माप अधिक पटतें. तरुण वाचकांस पहिलें पटेल, आणि त्यांचें माप कांहीं खोटें नाहीं. माने २०१० सालीं गेले, आंदळकर २०१८ सालीं. वाद मात्र दोघांनाही मागें टाकून चालला आहे, आणि तो चालावा अशीच आमची इच्छा आहे; कारण त्यामुळें दोघांचींही नांवें ओसरीवर जागीं राहतात.

असो. निघतांना दादांनीं आम्हांस स्टेशनपर्यंत पोंचविलें. गाडी सुटतांना खिडकीपाशीं येऊन ते हळूच म्हणाले, ‘‘बाकी कांहीं म्हणा, पण आंदळकरच!’’ आम्ही हंसलों. मोठ्या माणसांनीं मोठ्या माणसांविषयीं असा हट्ट धरण्यास आमची मुळींच हरकत नाहीं.